हद्दीवरचं मोठं टिंब

माझं अक्षर चांगलं आहे हे मी कशाला सांगू, सांगणारे पुष्कळ झाले. नकाशा कचेरीत तेहतीस वर्षं काढली. राज्याच्या मोठ्या नकाशावर गावांची जी नावं दिसतात, त्यातली निम्मी माझ्या हातची. नोकरीला लागलो तेव्हा राज्यात सतरा जिल्हे होते, निवृत्त झालो तेव्हा एकोणतीस. मधले बारा माझ्या डोळ्यांदेखत जन्मले, आणि त्यातल्या सातांच्या हद्दी मी स्वतः शाईनं ओढल्या. कचेरीच्या जिन्यात दर फेररचनेचा नकाशा फ्रेम करून लावलेला असायचा. खालून वर चढत गेलं की तेच राज्य, पण दर मजल्याला तुकडे जास्त. आमचे मुख्य आरेखक म्हणायचे, भावाभावांची वाटणी परवडली, निदान भांडून तरी होते; इथे तेही नाही. या मुख्य आरेखकांच्या गळ्यात कायम एक भिंग लटकलेलं असायचं, म्हणून त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत.

आता पुन्हा फेररचना निघाली आहे. पेपरात आलं, हरकती पंधरा दिवसांत द्या. ते वाचलं आणि पेपर घडी करून गादीखाली घातला. माझ्या घरात मी एकटा. लपवायचा कुणापासून? पण घातला खरा.

बुधवारी सकाळी ताई आलीच. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. काखेत तीच कापडी पिशवी, पिशवीत नाडी बांधलेली तीच फाइल.

"रेघ्या, कागद काढ," दारातूनच म्हणाली. लहानपणी मी घरभर खडूनं रेघोट्या ओढायचो, तेव्हापासून मी तिचा रेघ्या. पासष्टीचा झालो तरी सुटका नाही.

"आधी बस तरी. चहा टाकतो."

"चहा नंतर. अठ्ठाविसावा अर्ज लिहायचाय. या खेपेला खुद्द आयुक्त ऐकून घेणार आहेत म्हणे. जाहीर सुनावणी."

तिनं फाइल टेबलावर ठेवली. मी फाइलकडे बघायचं टाळलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

ही फाइल कसली ते सांगतो. ताईची वस्ती आमच्या शहरापासून नऊ किलोमीटरवर. एकेचाळीस घरं, एक विहीर, चौथीपर्यंतची शाळा. एकतीस वर्षांपूर्वी जिल्हा फुटला, तेव्हा आजूबाजूची सगळी गावं आमच्याकडे राहिली आणि ही एकटी वस्ती पलीकडच्या नव्या जिल्ह्यात गेली. तिकडची जिल्हा कचेरी चौसष्ट किलोमीटरवर, डोंगर ओलांडून. जमिनीचा उतारा हवा, चला चौसष्ट किलोमीटर. रहिवासाचा दाखला, चला. माझ्या भाचीला इथल्या नर्सिंग शाळेत जागा मिळत होती, मार्क होते, सगळं होतं. जिल्हा दुसरा निघाला म्हणून नाव कापलं. पोर आठ दिवस जेवली नव्हती. पुढे तिनं शिवणयंत्र घेतलं आणि ते नाव कधी काढलं नाही.

सरकारी आदेशात गावांची यादी होती, पण एवढ्याशा वस्त्यांची नावं यादीत नव्हती. खाली एक ओळ होती: यादीत नसलेल्या वस्त्या सोबतच्या नकाशाप्रमाणे. आणि नकाशात ताईची वस्ती रेषेच्या पलीकडे.

भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, ते कधी पटलं नाही. "सगळी गावं अलीकडे आणि आम्हीच तेवढे पलीकडे? आम्ही काय सरकारच्या कोंबड्या चोरल्या होत्या?" असं म्हणून त्यांनी पहिला अर्ज केला. मग दुसरा. मग पंचवीस वर्षांत सत्तावीस. सहाच्या बसनं जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळच्या बसनं परत. दर वेळी उत्तर एकच: हद्द धोरणानुसार ठरलेली आहे, बदल शक्य नाही. सहा वर्षांपूर्वी सत्ताविसावा अर्ज देऊन झाला आणि तिकडच्याच बस स्टँडवर, परतीच्या बसची वाट बघता बघता, बाकावर बसल्या बसल्या गेले. फाइल मांडीवर होती. कंडक्टरला आधी वाटलं झोपलेत.

ते सत्तावीसच्या सत्तावीस अर्ज मी लिहिलेले आहेत, दोन-दोन प्रतींत: एक साहेबाला, एक फाइलीला. "अर्ज लिहावा तर रेघ्यानं," भावोजी म्हणायचे. "साहेबानं नुसतं अक्षर बघून खुर्ची दिली पाहिजे." लिहून झालं की मी वाचून दाखवायचो आणि ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "फक्कड!" मी एकेक शब्द तोलून लिहायचो. अंतर, बसची गैरसोय, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, सगळं सगळं लिहायचो. एक वाक्य तेवढं लिहायचो नाही. आणि काम होणार होतं ते फक्त त्या एका वाक्यानं.

आता सांगतोच. आज नाही सांगितलं तर मग कधी?

तेव्हा नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर निघायचे. समितीनं पेन्सिलीनं कच्चा नकाशा करून द्यायचा, त्याच्यावर ते पारदर्शक कापड ताणायचं आणि शाईनं गिरवायचं. जिल्ह्याची हद्द म्हणजे एक लांब काडी, एक टिंब, पुन्हा काडी, पुन्हा टिंब. चार दिवस मी ते काम करत होतो. दुसऱ्या दिवशी अकराला मंत्र्यांची सही. दुपारचे साडेचार, काम संपत आलेलं, आणि मी शेजारच्या टेबलवाल्याला भिंगसाहेबांची नक्कल करून दाखवत होतो. हातात टाक. मला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, आजही येत नाही. टाक झटकला गेला आणि मुगाच्या दाण्याएवढा थेंब कापडावर पडला. रेषेपासून बोटभर लांब.

शेजारचा हसत होता. माझं हसू तिथेच विझलं.

थेंब टिपला तरी डाग राहिला. ब्लेडनं खरवडावा तर ते कापड फाटतं. नवं कापड घ्यावं तर चार दिवस. आणि महिन्याभरात माझी बढती व्हायची होती. कचेरीत एकदा डागवाला म्हणून नाव पडलं की बढती गेली, हे आमच्या धंद्यातलं पोरही सांगेल. मी डागाकडे बघितलं. डाग गोल होता, अगदी टिंबासारखा. पुढची हद्द ओढायची बाकीच होती. मग मी काय केलं, ओढ्याच्या कडेनं सरळ जायची ती रेष जराशी वाकवली, डागापर्यंत नेली, डागाचं टिंब केलं आणि हळूच परत ओढ्यावर आणली. बाकीच्या टिंबांपेक्षा ते थोडं मोठं होतं, एवढंच. भिंगसाहेबांनी भिंग लावून सगळा नकाशा बघितला आणि म्हणाले, "सुंदर." त्या दिवशी मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

तीन आठवड्यांनी छापील प्रती आल्या. तेव्हा कुठे वस्त्यांचे ठिपके त्याच्यावर दिसले. त्या बोटभर वाकड्या तुकड्यात घरांच्या ठिपक्यांचा एक पुंजका होता. मी ओळखला. मी तिथे जेवून आलेला माणूस, त्या विहिरीत पोहलेला माणूस. ती जमीन काही ओसाड नव्हती, तिथे माझी बहीण नांदत होती.

तेव्हा एक चिठ्ठी पुरली असती. आरेखनातली चूक असेल तर दुरुस्तीला मंत्री लागत नाही, समिती लागत नाही. हद्द बदलायला राज्य हलवावं लागतं, पण चूक दुरुस्त करायला चूक करणाऱ्याचं एक निवेदन आणि तो पेन्सिलीचा कच्चा नकाशा, बस्स. हा नियम मला पाठ होता. पण बढतीचा कागद तेव्हा माझ्या खिशात होता, दोनच दिवसांपूर्वी मिळालेला. मी मनाशी म्हटलं, रेषेनं काय होतंय? घरं तिथेच आहेत, विहीर तिथेच आहे. कागदावरच्या रेषेला कोण विचारतं!

हे मी म्हटलं. ज्याच्या पोटाला रेषेनं घातलं, त्यानं म्हटलं.

विसाव्या अर्जाच्या वेळी भावोजींनी मला विचारलं होतं. याच टेबलाशी. "रेघ्या, हा नकाशा कुणीतरी काढलाच असेल ना? आभाळातून तर पडला नसेल."

"वरून आला असेल, भावोजी."

"वरून आला तरी हात माणसाचाच की. तो माणूस गाठ पडला पाहिजे. तो सांगेल, की बाबांनो, असं असं झालं. तू त्याच कचेरीतला. बघ ना जरा शोधून."

मी मान खाली घालून टाक पुसत होतो. म्हणालो, "शोधतो."

त्यानंतर दर अर्जाला त्यांचा एकच प्रश्न असायचा. "सापडला का रे?" आणि मी म्हणायचो, "नाही हो. जुनी माणसं, कोण कुठे, कोण कुठे." एकदा तर वैतागून अंगावर धावून गेलो. "मला काय तेवढंच काम आहे का?" म्हटलं. ते उलट जाताना माझ्याच पाठीवर हात ठेवून गेले. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय!

तर बुधवारी ताई समोर बसली होती. चहा टाकून मी कागद घेतला. नेहमीसारखी सुरुवात केली, माननीय आयुक्त वगैरे. अंतर लिहिलं, बस लिहिली. मग हात थांबला.

"काय झालं?" ताई म्हणाली. "हात दुखतोय का?"

"नाही."

"मग लिही की. ते असते तर एव्हाना फक्कड म्हणून मोकळे झाले असते."

मी लिहिलं. सदर हद्दीचं आरेखन मी स्वतः केलं असून, कापडावर पडलेला शाईचा डाग लपवण्यासाठी मी रेष वस्तीच्या बाजूनं वाकवली. ही माझी चूक आहे. समितीच्या कच्च्या नकाशात हद्द ओढ्यानं सरळ जाते. एवढंच. चार ओळी. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं, आणि मला त्या अक्षराचा असा राग आला की टाक मोडून टाकावासा वाटला.

"वाचून दाखव," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही.

मी वाचलं. सगळं वाचलं. त्या ओळींसकट.

ताई टेबलाशी सरकली. "तेवढंच परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. "परत." मी तिसऱ्यांदा वाचलं.

"तुला कधी कळलं?"

"तीन आठवड्यांनी."

"म्हणजे पहिल्या अर्जाच्या आधी."

"हो, ताई."

वाटलं होतं ओरडेल, थोबाडीत देईल. लहानपणी द्यायची, सणसणीत. मी तर वाट बघत होतो. तिनं नुसतं बोट कागदावर टेकवलं. "खाली सही कर. तारीख घाल." मी सही केली. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि उठली. गॅसवरचा चहा उकळून उकळून आटला होता. जिन्यात मी हात धरायला गेलो तर तिनं कठडा धरला.

सुनावणी पुढच्या आठवड्यात झाली, आमच्याच जुन्या कचेरीच्या वरच्या दिवाणखान्यात. आयुक्त बाई होत्या, चाळिशीच्या, चटपटीत. वस्तीतली दहा-बारा माणसं आली होती. ताई पोरीला घेऊन खिडकीशी बसली होती. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. थेंब, डाग, टिंब. त्यांनी रेकॉर्डमधून मूळ कापड मागवलं, पेन्सिलीचा कच्चा नकाशाही मागवला. एकतीस वर्षं तो बांधलेल्या गठ्ठ्यात तसाच पडून होता, कुणी सोडलाही नव्हता. बाईंनी कापड खिडकीच्या उजेडात धरलं. ते टिंब दिसलंच. काडी, टिंब, काडी, टिंब, आणि मध्येच एक जाडजूड. मला वाटलं तेवढ्या एका टिंबाकडे सगळी खोली बघतेय.

"बढती मिळाली?" त्यांनी विचारलं.

"मिळाली, बाई."

त्या खालच्या कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "आरेखनातली चूक. दुरुस्तीपत्रक काढा, मी आत्ता सही करते." कारकुनानं टाइप केलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. बाईंची सही झाली तेव्हा पंधरा मिनिटं झाली होती.

"संपलं?" वस्तीतल्या एकानं विचारलं.

"संपलं. आजपासून तुम्ही इकडचे."

माणसं रडली. एकानं शेजाऱ्याला मिठी मारली. आणि मग काय करावं त्यांनी! सगळे माझ्याकडे आले. हात हातात घेतले. "मोठं मन लागतं हो," एक म्हातारा म्हणाला. "कोण सांगतं आपली चूक आजकाल?" मी हात सोडवून घेतला. म्हणालो, "अहो, शिव्या द्या मला." तो हसला. त्याला वाटलं मी विनयानं बोलतोय. मला त्याचा संताप आला, आणि संताप यायचा हक्क मला नव्हता.

ताई सगळे गेल्यावर आली. हातात ती फाइल.

"हे घे."

"मला कशाला? आता तर झालं काम."

"अक्षर तुझं आहे. तूच ठेव." मग म्हणाली, "त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी पोरीनं मला अर्जांची मागची बाजू वाचून दाखवली. तेव्हा मी रडले होते, केवढा जीव लावतो माझा भाऊ म्हणून. तू वाच आता."

"ताई, एकदा तरी बोल काहीतरी."

"हेच बोलले," ती म्हणाली आणि पोरीचा हात धरून जिना उतरली. त्या जिन्यातले सगळे नकाशे तिच्या बाजूला होते. तिनं एकाकडेही बघितलं नाही.

घरी येऊन नाडी सोडली. इतकी वर्षं मी त्या अर्जांची पुढचीच बाजू बघत आलो, माझं अक्षर कसं उतरलंय ते. मागे भावोजींनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. गिचमीड, वाकडंतिकडं. पहिल्यावर: सहाची बस, साहेब नाहीत, मंगळवारी या म्हणाले. पाचव्यावर: साहेब बदलले, नव्यांना पहिल्यापासून सांगितलं. अकराव्यावर: पोरीचं नाव कापलं, तिला काय सांगू. एकोणिसाव्यावर: इथला शिपाई म्हणतो नकाशा काढणारा भेटला तर काम होईल, रेघ्याला विचारायचं. विसाव्यावर: रेघ्या शोधतोय.

सत्ताविसावा अर्ज तळाशी होता. शेवटच्या दिवसाचा. तो उलटायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

मागे लिहिलं होतं: नकाशेवाला अजून सापडला नाही. रेघ्या बिचारा शोधून शोधून दमला, मागे चिडलाही होता. आपण त्याला फार त्रास देतो. पुढच्या खेपेला विचारायचं नाही.